कष्ट पुष्कळ, पण व्यायाम?

"व्यायाम कशाला बाई? दिवसभर हातपाय हलतातच की!" आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुणाही बाईकडून हेच उत्तर मिळेल, आणि ते खोटंही नाही. ज्वारीची काढणी, सोयाबीनमधली खुरपणी, डोईवर घागर, वर घरच्या भाकरी. कष्टाला कमी नाहीच. पण मैत्रिणींनो, जरा नीट पाहा. खुरपताना आपण पुढे वाकलेल्या, भाकरी थापताना वाकलेल्या, भांडी घासताना वाकलेल्या, आणि शाळेच्या वह्या तपासताना मीही वाकलेलीच! शरीर हलतं खरं, पण एकाच दिशेला. खांदे मागे नेणं, कंबर वळवणं दिवसभरात घडतच नाही.

मग चाळिशीत गुडघे बोलू लागतात. तुळजापूरला देवीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून जावं लागतं, तिथे हे लगेच कळतं. कारण उतरताना गुडघ्यावर सपाट चालण्यापेक्षा बराच जास्त भार येतो. पुढे मांडी घालणं सुटतं, आणि हळदीकुंकवाला गेलं तरी उठायला कुणाचा तरी हात शोधावा लागतो. दुखण्यापेक्षा मला या परावलंबनाची भीती जास्त वाटते.

सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं, आणि सांधा हलला तरच तो द्रव तिच्यात नीट खेळतो. म्हणून रोज थोडं, पण सगळ्या बाजूंनी हलायचं.

सकाळचा चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा दहा वेळा उचला आणि सावकाश टेकवा. मग खांदे मागच्या बाजूने गोल फिरवा. मान उजवीकडे, डावीकडे, खाली, एवढंच. गरगर फिरवायची नाही. दोन्ही हात ओट्यावर ठेवून मागे सरका, पाठ लांब करा. मग मांजरीसारखी वर उचला आणि खाली सोडा. शेवटी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं नि बसायचं, आठ-दहा वेळा. माझ्या मते सगळ्यांत मोलाचं हेच, कारण मांड्यांत बळ आलं की गुडघ्याचा भार हलका होतो. आधी हाताला टेकू घेतला तरी चालेल.

आता श्वास. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. चमत्कारांच्या गप्पांपेक्षा मोजून पाहणारी ही वाट मला फार आवडते. "खोल श्वासाने रक्तात भरपूर प्राणवायू भरतो" असं आपण ऐकतो. पण निरोगी माणसाच्या रक्तात तो मुळातच जवळजवळ पुरेपूर असतो. फायदा आहे तो संथपणाचा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. नाकाने चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं पुरे. चुलीच्या धुरात मात्र नको; अंगणात किंवा खिडकीशी बसा.

घाईने जोरजोरात श्वास घेतला तर रक्तातला कर्बवायू उतरतो आणि भोवळ येते. ती काही सिद्धी नव्हे बरं का! रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखून धरू नये. गर्भवतींनी आणि हर्नियाचा त्रास असणाऱ्यांनी दूरदर्शनवर पाहून कपालभातीच्या नादी लागू नये.

कुठलीही हालचाल ताण जाणवेपर्यंत करायची, कळ येईपर्यंत नाही. गुडघा सुजला, गरम लागला किंवा रात्री झोपू देईना, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. शेजारणीचं तेल नंतर.