‘प्लेबॅक’ म्हणजे पडद्यामागून गाणं नव्हे

सांगली-साताऱ्याकडे ‘प्लेबॅक’ हा शब्द सैल हाताने वापरला जातो. गणेशोत्सवाच्या स्टेजवर गायक नुसते ओठ हलवतोय असं वाटलं, की ‘प्लेबॅक लावलाय’. कराओकेवर गाणाऱ्यालाही तेच. आणि गावच्या बैठकीत कुणी दुसऱ्याचं पढवलेलं बोलू लागला, की ‘याला मागून प्लेबॅक कोण देतंय?’

या साऱ्याच्या मुळाशी एक पक्का गैरसमज आहे. नट अभिनय करतो आणि गायक मागे राहून, किंवा नंतर, त्याच्या ओठांवर आवाज चढवतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं. मग चित्रीकरणाच्या जागी ते मोठ्याने वाजवतात आणि नट त्याबरहुकूम ओठ हलवतो. ते वाजवणं म्हणजे प्लेबॅक. चित्रीकरणानंतर आवाज भरणं म्हणजे डबिंग, ते मुख्यतः संवादांचं. वाईजवळच्या मेणवलीत ‘स्वदेस’ चित्रपटाचं चित्रीकरण झालं. त्या परिसरात असं चित्रीकरण पाहिलेल्यांना एकच कडवं पुन्हा पुन्हा कर्ण्यावर का वाजतं, हे सांगावं लागत नाही.

संथ गतीच्या दृश्यात तर गंमतच. कॅमेरा दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला 24 ऐवजी 48 चौकटी टिपत असेल, तर गाणंही दुप्पट वेगाने वाजवतात. नट घाईघाईने ओठ हलवतो. पडद्यावर चित्र संथ होतं, ओठ मात्र मूळ गाण्याशी जुळतात.

बोलपटाच्या आरंभी प्लेबॅकची सोय नव्हती. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतः गायले. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांनीही 1935 च्या ‘धर्मात्मा’त आपली पदं आपणच म्हटली. त्याच वर्षी कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये प्लेबॅक रुजवला. 1933 साली सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले 1943 मध्ये ‘माझं बाळ’साठी गायल्या, तेव्हा ही पद्धत नवीच होती.

दुसऱ्याच्या ओठांसाठी गाणं ही फसवणूक आहे, असं म्हणणारे अजून भेटतात. मला तो गायकावर अन्याय वाटतो. 1949 च्या ‘महल’च्या तबकडीवर सुरुवातीला गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं! आवाज लता मंगेशकरांचा होता. फिल्मफेअरने पार्श्वगायनाला पुरस्कार सुरू केला तो थेट 1959 मध्ये. लपवाछपवी झाली असेल तर ती गायकाने केली नव्हती.

आता ‘प्लेबॅक’च्या वेगाबद्दल. मोबाइलवर ‘प्लेबॅक स्पीड’ दीडपट केला, तरी बोलणाऱ्याची पट्टी चढत नाही, कारण सॉफ्टवेअर वेळ आखडतं आणि स्वर जागेवर ठेवतं. तबकडी आणि टेपचं तसं नव्हतं. वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढला की सगळं गाणं अर्ध्या स्वराने वर जाई. जुन्या ‘78’च्या तबकड्या तंतोतंत 78 फेऱ्यांवरच मुद्रित झालेल्या असत, हाही भ्रम. 74 फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी 78 वर वाजवली, तरी पट्टी जवळपास तेवढीच चढते. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तबकड्या दिल्या. आवाज त्यांचा उंच होताच. पण त्या काळच्या मुद्रणावरून कुणाचीही नेमकी पट्टी सांगण्याआधी वेग तपासायला हवा.

राहिला कराओके. त्या ट्रॅकमध्ये फक्त वाद्यं असतात, मुख्य गायकाचा आवाज नसतो. सूर, ताल, श्वास सगळं गाणाऱ्याने तिथल्या तिथे सांभाळायचं असतं आणि चुकलं तर ट्रॅक थांबत नाही. तेव्हा यंदाच्या गणेशोत्सवात असं कुणी गात असेल, तर त्याला ‘प्लेबॅकवाला’ म्हणू नका. तो स्वतः गातो आहे.