गिटमध्ये मराठी फाईलचं नाव बिघडलंय? ही एक सेटिंग करा

गडचिरोली जिल्ह्याचे १२ तालुके, प्रत्येकाची एक फाईल, नावं मराठीत. गिट स्टेटस मारलं, तर ‘भामरागड’च्या जागी बॅकस्लॅश ३४०, २४४, २५५… मला वाटलं फाईल करप्ट झाली. डिलीटच करणार होतो!

खरं तर फाईल ठणठणीत असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. भामरागडची चिन्हं ७, म्हणून आकडे २१. असे बाइट गिट मुळात आकड्यांतच दाखवतं.

उपाय एका ओळीचा: गिट कॉन्फिग, डबल डॅश ग्लोबल, कोअर डॉट कोटपाथ, फॉल्स.

यानं फक्त दाखवणं बदलतं, फाईल नाही. अन् ‘ग्लोबल’ म्हणजे तुमच्याच मशीनवरचे तुमचे सगळे प्रोजेक्ट. टीममधल्या मित्राला त्याच्या लॅपटॉपवर वेगळं करावं लागेल. आधी तपासा, मगच डिलीट!