कान मुलीचा खरा, पट्टी माझी खोटी

सुरतेत तापी ओलांडून अमरोलीच्या पुढे गेले की कोसाड लागते. आम्ही मूळचे मिरजेकडचे. सासुरवाडी चिकोडी तालुक्यातली. घरात मराठी, आजी आली की कन्नड आणि दाराबाहेर गुजराती, असा आमचा तिपेडी संसार. मी एम्ब्रॉयडरी यंत्रांची दुरुस्ती करतो. हातात पाना आणि करवत असलेल्या माणसाला वाटते, आपल्याला काहीही करता येईल. त्याच तोऱ्यात मुलीसाठी मी घरीच युकुलेली बनवायला घेतली.

हे चार तारांचे छोटे वाद्य. १८७९ साली पोर्तुगालच्या मदिरा बेटावरचे कारागीर जहाजाने हवाई बेटांवर गेले. त्यांच्या छोट्या गिटारीवरूनच पुढे युकुलेली घडली. तारा नायलॉनच्या असल्याने लहान बोटांना त्रास होत नाही.

पेटी जमली, दांडी जमली. मुलगी रोज वाजवू लागली आणि रोज थांबू लागली. "बाबा, इथे सूर लागत नाही." मी दोनदा ऐकून घेतले. तिसऱ्यांदा चिडून म्हणालो, "तुझा कानच कच्चा आहे." तिने वाद्य कपाटावर ठेवले ते महिनाभर काढले नाही.

आजीचा निवाडा

दिवाळीला आजी आल्या. त्यांनी नातीकडून एक-दोन गाणी म्हणून घेतली आणि मला म्हणाल्या, "हुडुगी किवी चलो ऐति." पोरीचा कान चांगला आहे! मग दोष कुणाचा? मी फोनवरचा ट्यूनर लावला. मोकळ्या तारा अगदी बरोबर. पण पडद्यावर बोट ठेवले की सूर चढा, आणि वरच्या पडद्यांवर तर आणखी बिघडलेला.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा वाद्य बरोबर घेतले आणि मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत शिरलो. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. सुराला सीमा नसते, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको.

तिथे सतारीचे पडदे बघितले आणि माझी चूक ध्यानात आली. सतारीचा पडदा दोऱ्याने दांडीला बांधलेला असतो. राग बदलला की तो हलक्या हाताने सरकवून सूर मिळवता येतो. आपल्या कर्नाटकातल्या वीणेचे पडदे, कन्नडमध्ये ज्यांना मेट्टिलु म्हणजे पायऱ्या म्हणतात, ते मेणात बसवलेले असतात. मेण मऊ करून ते पुन्हा बसवता येतात. युकुलेलीचा पडदा मात्र लाकडातल्या खाचेत ठोकलेला. तो चुकला की चुकला.

गणित कुठे बिघडले?

सप्तकाचे बारा समान भाग करायचे असतील तर तारेची लांबी १७.८१७ ने भागायची. तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे. माझ्या वाद्याच्या तारेची लांबी ३८० मिलिमीटर. म्हणून पहिला पडदा २१.३ वर, दुसरा ४१.५ वर, पाचवा ९५.३ वर, सातवा १२६.४ वर आणि बारावा बरोबर मध्यावर, १९० वर.

आकडे मी बरोबर काढले होते. पण खुणा करताना प्रत्येक पडदा आधीच्या पडद्यापासून मोजला. दर वेळी केसभर चूक झाली आणि ती साठत गेली. सगळ्या खुणा दांडीच्या टोकाच्या पट्टीपासूनच मोजायला हव्या होत्या.

दुसरी चूक त्या टोकाच्या पट्टीची. तिच्या खाचा उथळ राहिल्या, त्यामुळे तारा फार उंच. उंच तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. सर्वांत जास्त पहिल्या दोन-तीन पडद्यांवर. तिसरी चूक घोडीची. तार दाबताना थोडा ताण वाढणारच, म्हणून घोडी हिशेबापेक्षा एक-दोन मिलिमीटर मागे लावतात. मी ती नेमकी ३८० वर चिकटवली होती.

पुन्हा श्रीगणेशा

कोसाडला परत आल्यावर जुनी पट्टी गरम इस्त्रीच्या उबेने सोडवली. शिसमाची नवी पट्टी घेतली, खुणा एकाच टोकापासून केल्या. खाच पडद्याच्या खालच्या दातेरी कडेइतकीच रुंद ठेवली. सैल झाली तर पडदा उचलतो, घट्ट झाली तर दांडी मागे वाकते. पडदे जर्मन सिल्व्हरचे घेतले. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. पोलादी पडदे जास्त टिकतात, पण नायलॉनच्या तारांनी पडदे फारसे झिजत नाहीत, मग कानस कशाला झिजवायची?

पडद्यांच्या माथ्यांवर मार्करने शाई लावली आणि सपाट कानस फिरवली. शाई जिथे पुसली तो पडदा उंच, जिथे राहिली तो खाली. सगळे एका पातळीत आले की माथे पुन्हा गोल केले, टोके घासली. घोडी मागे घेतली आणि बाराव्या पडद्यावर तार अडीच मिलिमीटर उंच ठेवली.

मग कपाटासमोर उभा राहून मुलीला म्हणालो, "तुझा कान बरोबर होता. माझी पट्टी चुकली होती." ती काही बोलली नाही. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून एकदा छेडले, मग दाबून छेडले. दोन्ही सूर एकच. ती माझ्याकडे बघून हसली आणि वाजवत राहिली.

पालकांना एवढेच सांगतो, मूल "सूर लागत नाही" म्हणाले तर त्याच्या कानाला दोष देण्याआधी वाद्याला माप लावून बघा. ठोकलेला पडदा उपटून पुन्हा बसवता येतो. मुलाला बोललेला शब्द परत घ्यायला मला त्याहून जास्त वेळ लागला.