हजार झाडं, दोन हिशेब

५ ऑक्टोबर १८६४ रोजी बंगालच्या उपसागरातून वर चढलेल्या चक्रीवादळाने शिबपूरच्या वनस्पती उद्यानातली हजारावर झाडं पाडली. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ आलं, तेव्हाही बातम्यांत छापून आलेला आकडा साधारण हजाराचाच होता. मधल्या दीडशे वर्षांत काहीच बदललं नाही, असं हे दोन आकडे शेजारी मांडल्यावर वाटू शकतं. पण १८६४ चा हजार म्हणजे बागेतली निम्म्याहून अधिक झाडं होती. २०२० चा हजार म्हणजे आजच्या बारा हजारांवर झाडा-झुडपांतला ढोबळमानाने बारावा हिस्सा. पहिल्या वेळी बाग जवळजवळ संपली होती, दुसऱ्या वेळी जखमी झाली. बागेचा नवा आराखडा करायला बसणाऱ्याने नकाशा उघडण्याआधी हा फरक समजून घ्यायला हवा, कारण आराखड्याच्या चर्चेत बहुतेक वेळा ‘किती झाडं’ एवढंच विचारलं जातं. किती पैकी किती, आणि त्यातली एकुलती एक कोणती, हे प्रश्न मागे राहतात.

ही बाग कलकत्त्याच्या समोर, हुगळीच्या पश्चिम काठावर, हावड्यात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट किडने १७८७ साली ती उभारली. २००९ पासून तिला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे आणि कारभार भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे. क्षेत्र २७३ एकर, म्हणजे सुमारे ११० हेक्टर. मुळात ते ३१३ एकर होतं. जहाजबांधणीसाठी साग पिकवायचा, हा किडचा एक मोठा हेतू होता. तीसेक वर्षं प्रयत्न झाले, पण तिथल्या गाळाच्या जमिनीत साग काही धड होईना. मग १८२० च्या सुमारास सागाखालची ४० एकर जमीन बिशप्स कॉलेजला देऊन टाकली. आज तिथे अभियांत्रिकी संस्था आहे.

१८६४ नंतर तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १८६७ ला, दुसरं वादळ आलं आणि आणखी साडेसातशे झाडं गेली. आता हिशेब लावू. पहिल्या वादळात गेलेली हजारावर झाडं जर निम्म्याहून अधिक होती, तर मूळची संख्या दोन हजारांच्या आसपास धरावी लागते. त्यातून साडेसतराशे वजा केली तर दर आठ झाडांमागे जेमतेम एक उरतं. पहिल्या वादळात भरतीची लाट बागेत शिरली होती, तिने दोन जहाजं उचलून झाडांत आणून टाकली. पण मला दुसऱ्या वादळाचा आकडा अधिक बोलका वाटतो. शेजारची झाडं पडली की उरलेल्यांवर वारा थेट येतो. गर्दीत वाढलेल्या झाडाची मुळं आणि खोड एकट्याने वारा झेलायला तयार झालेली नसतात. म्हणजे १८६७ च्या पडझडीतला काही वाटा १८६४ नेच लिहून ठेवला होता.

झाडं गेली त्याबरोबर सावली गेली, आणि सावलीच्या जागी गवत आलं. बंगालीत ज्याला उलू म्हणतात ते ताठ, धारदार पात्याचं गवत. त्याची मुळं जमिनीखाली आडवी पसरतात, वरून कापलं तरी पुन्हा फुटतं, आणि त्याच्यात कोवळं रोप तग धरत नाही. झाडांची छत्री फाटली की ते पहिलं हजर होतं. म्हणून पडलेल्या झाडाच्या जागी नवं रोप लावलं की भरपाई झाली, हा हिशेब कागदावरच जुळतो. पडलेल्या झाडाने शंभर-दीडशे चौरस मीटर जमीन झाकलेली असते, रोप पहिल्या वर्षी एक चौरस मीटरही झाकत नाही. मधली पंधरा-वीस वर्षं ती जमीन कोण झाकणार? लवकर वाढणारी, फारशी मोलाची नसलेली झाडं आधी लावायची आणि त्यांच्या सावलीत मोलाची रोपं वाढवायची, हा जुना मार्ग आहे. आराखड्याच्या रंगीत चित्रात तो कधी दिसत नाही, कारण चित्र नेहमी पंचविसाव्या वर्षाचं काढलेलं असतं.

वादळाशिवायही सावली जाऊ शकते. १८४२ ते १८४४ या काळात बागेचा अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच प्रकृतीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या केपला गेला असताना विल्यम ग्रिफिथने कारभार पाहिला. ग्रिफिथ अव्वल दर्जाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. बाग शास्त्राच्या दृष्टीने विस्कळित आहे, कोणत्या कुळाचं झाड कुठे सापडेल याला काही धरबंध नाही, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. त्याने ती कुळांप्रमाणे नव्याने मांडायला घेतली. त्यासाठी साग, महोगनी, लवंग, जायफळ आणि दालचिनीच्या राया तोडल्या. सायकसची एक प्रसिद्ध वाट होती, तीही गेली. १८४८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर तिथे पोचला तेव्हा त्याला सावली नसलेली, उघडी पडलेली बाग दिसली, आणि त्याने ग्रिफिथला त्याबद्दल छापील शब्दांत धारेवर धरलं. वॉलिचने १८१७ पासून पंचवीस वर्षं जे वाढवलं, त्याची उलथापालथ व्हायला दोन वर्षं पुरली. ग्रिफिथचा हेतू मला चुकीचा वाटत नाही. त्याचा क्रम चुकला. नवी मांडणी रोपवाटिकेत तयार व्हायच्या आत जुनी तोडली गेली. आजच्या उद्यानांच्या आराखड्यांतही आधी मोकळी जागा करायची आणि मग काय लावायचं ते ठरवायचं, हा उलटा क्रम सर्रास दिसतो.

ज्याने हा क्रम सुलटा केला तो जॉर्ज किंग. १८७१ पासून पुढे सुमारे पाव शतक तो अधीक्षक होता. त्याच्या वाट्याला दोन वादळांनी मोकळी केलेली, सखल, पाणी साचणारी जमीन आली. त्याने आधी माती आणि पाणी हाताळलं. सखल भागात तळी खोदली, निघालेल्या मातीने भोवतालची जमीन उचलली, रस्ते आखले, मग झाडं लावली. आज बागेत २४ तळी आहेत, एकमेकांना जोडलेली, आणि झडपांमधून हुगळीशी जोडलेली. येणाऱ्याला ती शोभेची वाटतात. खरं तर ती बागेचा निचरा आहेत.

त्यांची गरज किती, हे साध्या गुणाकाराने कळतं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. ११० हेक्टरवर एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, आणि कलकत्त्याच्या पावसाळ्यात तो अधूनमधून पडतोच, तर ११ कोटी लिटर. हुगळी इथे भरती-ओहोटीची नदी आहे. भरतीच्या वेळी नदीची पातळी चढलेली असते, तेव्हा झडप उघडली तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येईल. ओहोटी लागेपर्यंत पाणी बागेतच थोपवून धरावं लागतं. जमिनीत काहीच मुरलं नाही असं धरून, तळ्यांत वरचा एक मीटर रिकामा ठेवला तर हे सगळं पाणी मावायला ११ हेक्टर तळी लागतील, म्हणजे बागेचा दहावा भाग. थोडं पाणी मुरतं, थोडं ओहोटीत निघून जातं, म्हणून प्रत्यक्षात कमी क्षेत्र पुरेल. पण ती तळी गाळाने आणि जलपर्णीने भरली तर एक मीटरचा अर्धा मीटर होतो आणि लागणारं क्षेत्र दुप्पट. म्हणून गाळ काढण्याचा खर्च शोभेच्या सदरात टाकणं मला धोक्याचं वाटतं. मुळं दिवसेंदिवस पाण्यात राहिली की माती सैल होते, मुळं कुजतात, आणि पुढच्या वादळात तेच झाड आधी पडतं.

आता आराखड्यांत येणाऱ्या ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाकडे. ते कोणत्या सालापर्यंत मागे न्यायचं? १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्गने सूत्रं घेतली तेव्हा बागेत जेमतेम तीनशे जाती होत्या. १८१४ साली त्याची यादी छापली गेली, तिच्यात सुमारे साडेतीन हजार जाती होत्या. (ती छापणारा श्रीरामपूरचा विल्यम कॅरे, म्हणजे १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा तोच कॅरे.) आज बागेत सुमारे १,४०० जाती सांगितल्या जातात. या तीन आकड्यांवरून घसरण झाली असं म्हणून मोकळं होता येणार नाही. जुन्या यादीत हंगामी रोपंही आहेत, आजच्या मोजणीत भर झाडा-झुडपांवर. आणि यातली बरीच झाडं ब्रह्मदेशातली, मलायातली, आफ्रिकेतली. त्यामुळे इथे ‘मूळचं जंगल परत आणणं’ याला अर्थ नाही. परत आणायची असते ती तीन गोष्टींची व्यवस्था: निचरा, सावली आणि प्रत्येक जातीच्या पुरेशा प्रती.

यातली तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. बारा हजार झाडं भागिले चौदाशे जाती केलं तर जातीमागे साडेआठ झाडं येतात. ही सरासरी दिलासा देते आणि फसवते, कारण रस्त्याकडेच्या महोगनीसारखी झाडं शेकड्यांनी असतात आणि दुर्मीळ जातीचं एकच. बागेतलं ‘वेडं झाड’ प्रसिद्ध होतं, ज्याचं एक पान दुसऱ्यासारखं नसे. अम्फानमध्ये ते उन्मळून पडलं. लांबून बघणाऱ्याच्या लेखी हजारातलं एक, पण संग्रहाच्या दृष्टीने त्याचं वजन महोगनीच्या अख्ख्या रांगेपेक्षा जास्त.

एक गणित करून बघू. हे गणित आहे, निरीक्षण नव्हे. समजा प्रत्येक जातीचं एकच झाड आहे आणि अम्फानसारखं वादळ बारातलं एक पाडतं. मग १,४०० पैकी सुमारे ११७ जाती एका रात्रीत बागेतून जातील. प्रत्येकी तीन झाडं असतील, आणि एकमेकांपासून दूर असतील, तर तिन्ही एकदम जाण्याची शक्यता १,७२८ त एक, म्हणजे सरासरी एक जातही गमावणार नाही. आता १८६४ धरा, निम्मी झाडं पाडणारं. एकेक झाड असेल तर ७०० जाती जातील, तीन असतील तर १७५, पाच असतील तर ४४. यातली ‘दूर’ ही अट कळीची. तिन्ही एकाच वाफ्यात, एकाच सखल कोपऱ्यात असतील तर वाऱ्याच्या लेखी ते एकच झाड. नेमकी कुळानुसार मांडणी सगळे भाऊबंद एकत्र आणते. ग्रिफिथचा विचार विद्यार्थ्याला सोयीचा होता, संग्रहाला जोखमीचा.

याला जागा किती लागेल? मोठी झाडं दहा-दहा मीटरवर लावली तर हेक्टरी शंभर बसतात. सगळ्या १,४०० जाती झाडंच धरल्या तर तीन प्रतींना ४२ हेक्टर लागतील, पाच प्रतींना ७०. क्षेत्र ११०. त्यातून तळी, रस्ते, काचघरं वजा करायची. महावटवृक्ष एकटाच १८,९१८ चौरस मीटर व्यापतो, म्हणजे पावणेदोन टक्के बाग. (त्याचं मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकलं. तो ३,७७२ पारंब्यांवर उभा असल्याची मोजणी आहे. कोवळ्या पारंब्या माती भरलेल्या बांबूच्या नळ्यांतून जमिनीपर्यंत आणतात. अम्फानने त्याच्याही काही पारंब्या मोडल्या, पण झाड टिकलं. एका झाडाने आपल्या प्रती स्वतःच करून ठेवल्या आहेत.) पाच प्रती एका बागेत बसवणं अवघड जाईल. म्हणून तीन इथे आणि उरलेल्या दोन दुसऱ्या शहरात, असा विचार करावा लागतो. तिथे मुंबईचा संबंध येतो.

१८६१ साली आखलेल्या आणि पुढच्या वर्षी खुल्या झालेल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत नागरिकांनी केलेल्या नोंदींनुसार ३,२१३ झाडं आणि २८६ जाती आहेत, त्याही सुमारे पन्नास एकरांत. म्हणजे हेक्टरी दीडशेवर. २००७ च्या सुमारास महापालिकेने ४३३ कोटींचा प्राणिसंग्रहालयाचा आराखडा पुढे आणला तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या हातात हीच मोजणी होती. इतक्या दाटीत मोठा पिंजरा कुठेही आखला तरी तो झाडांवरच पडतो. आराखडा पुढे बराच आकसला. प्राण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही रास्त होतं, जुने पिंजरे खरोखर वाईट होते. पण झाडांची यादी आधी आणि पिंजऱ्यांची जागा नंतर, असा क्रम असता तर काही वर्षांचं भांडण वाचलं असतं.

राणीच्या बागेत उर्वशी आहे. शिबपूरच्या वॉलिचने ब्रह्मदेशातून शास्त्राच्या नजरेसमोर आणलेलं, लाल फुलांचे झुबके लोंबणारं झाड. शिबपूरची उर्वशी पडली तरी मुंबईची उभी असेल, एवढं दोन बागांमधलं अंतर पुरेसं आहे. प्रत करणं मात्र सोपं नाही. उर्वशीला बी क्वचितच धरतं, म्हणून गुटी कलम बांधावं लागतं. ते मुळावतं तेव्हा फांदी उतरवायची, कुंडीत वाढवायची, मग जमिनीत. निविदा निघाल्यावर ठेकेदाराला रोपं पुरवायला सांगितलं तर त्याच्याकडे गुलमोहर असतील, उर्वशी नसेल. तिच्यासाठी गुटी बांधायला माळी लागतो, आणि तो आराखडा मंजूर होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीच लागतो.