आरोग्याची उतरंड

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. हृदयविकाराने मरण येण्याची शक्यता कोणाला जास्त? मोठ्या कचेरीतल्या साहेबांना, की दारावरच्या शिपायाला? बहुतेक मुले ‘साहेबांना’ असेच उत्तर देतील. साहेबांवर जबाबदारीचा ताण, दिवसभर खुर्चीत बैठक आणि वर तुपातले जेवण! मोठ्या माणसांचाही समज साधारण असाच असतो. हा समज आकडेवारीच्या कसोटीला उतरतो का, ते पाहू.

लंडनमध्ये व्हाइटहॉल नावाचा रस्ता आहे. ब्रिटिश सरकारची बरीच मंत्रालये या परिसरात आहेत. येथील सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १८,००० पुरुषांची तपासणी करण्यात आली आणि पुढे त्यांच्यापैकी कोण, कधी व कशाने मरण पावले, याची नोंद ठेवण्यात आली.

अशा अभ्यासाला ही जागा फार सोयीची होती. यातील कोणीही बेकार किंवा निराधार नव्हते. खाणीत वा भट्टीपुढे काम करणारेही नव्हते. सर्वांना नियमित पगार होता. राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ पासून सुरू असल्याने डॉक्टरांचे दार सर्वांनाच खुले होते. शिवाय प्रत्येकाची नोकरीतली श्रेणी ठरलेली होती. सर्वांत वर प्रशासकीय अधिकारी, त्यांच्याखाली इतर अधिकारी व तज्ज्ञ, मग कारकून आणि शेवटी शिपाई व पहारेकरी.

तुलना करताना एक काळजी घ्यावी लागते. मृत्यूची शक्यता वयाबरोबर वाढते. एखाद्या श्रेणीत वयस्कर माणसे अधिक असतील, तर तेथील मृत्यूही अधिक दिसणारच. म्हणून पन्नाशीच्या शिपायाची तुलना पन्नाशीच्या अधिकाऱ्याशीच करायची. अशी काळजी घेऊन मायकेल मार्मट, जेफ्री रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साडेसात वर्षांच्या काळात सर्वांत खालच्या श्रेणीतला हृदयविकाराचा मृत्यूदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या ३.६ पट होता. म्हणजे आपल्या समजाच्या अगदी उलट!

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. फरक फक्त वरचे आणि तळाचे यांच्यात नव्हता. दुसऱ्या श्रेणीतल्या अधिकाऱ्यांचा मृत्यूदर पहिल्या श्रेणीपेक्षा जास्त, कारकुनांचा त्याहून जास्त आणि शिपायांचा सर्वांत जास्त, अशी पायरीपायरीने उतरंड लागली होती. दुसऱ्या पायरीवरचा अधिकारी काही गरीब नव्हता. तेव्हा ‘गरिबीमुळे असे होते’ हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

मग कारण काय? पहिला संशय साहजिकच धूम्रपानावर जातो. खालच्या श्रेणींत धूम्रपान अधिक होतेच. पण धूम्रपान न करणाऱ्यांचीच आपापसांत तुलना केली, तरी उतरंड कायम राहिली. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सारे घटक जमेस धरले, तरी फरकाच्या निम्म्याहून कमी भागाचाच उलगडा होत होता.

म्हणून १९८५ ते १९८८ या काळात दुसरा अभ्यास हाती घेण्यात आला. त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. यावेळी कामाचे स्वरूपही विचारले गेले. आपले काम कसे करायचे, केव्हा करायचे, हे ठरवण्याची मुभा तुम्हाला कितपत आहे? ज्यांना ही मुभा कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. ताण साहेबालाही असतो. पण ताण असून हाती काहीच नसणे ही वेगळी गोष्ट. संकटात शरीर कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके सोडते. घटकाभर ती उपयोगी ठरतात, पण वर्षानुवर्षे तीच स्थिती राहिली, तर हृदय व रक्तवाहिन्यांना अपाय होऊ शकतो.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, ‘मुळात आजारी असणारेच खाली राहिले असतील तर?’ शंका रास्त आहे. म्हणूनच निरोगी माणसांपासून सुरुवात करून पुढची अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण असेलच असे नाही. कामातील मुभेचा वाटा नेमका किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. उतरंड असल्याचे मात्र पुढे इतर अनेक देशांतही आढळून आले.

लंडनचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. आपल्याकडे तळच्या पायऱ्यांवर अजून कुपोषण, दूषित पाणी आणि क्षयरोग आहेत. पण त्या अभ्यासातली एक नोंद शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. खालच्या श्रेणीतल्या पुरुषांची सरासरी उंची वरच्या श्रेणीपेक्षा कमी होती. एकेकट्याची उंची आनुवंशिकतेवर बरीच अवलंबून असते. परंतु मोठ्या गटाची सरासरी उंची त्यांच्या बालपणीचे पोषण व आजारपण यांबद्दल सांगून जाते. म्हणजे उतरंडीची सुरुवात नोकरीच्या कितीतरी आधी झालेली होती!

उंचीच्या नोंदी शाळेतही होतात. समजा, पाच मुलांची उंची वर्षभरात २, ४, ६, ८ आणि १० सेंटिमीटरने वाढली. सरासरी वाढ ६ सेंटिमीटर. अहवालात हा आकडा छान दिसेल, पण २ सेंटिमीटरच वाढलेले मूल त्यात दिसणार नाही. हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्या. मात्र आपल्या वर्गातील मुलांची नावे किंवा मापे सर्वांसमोर वाचू नका. ती नोंदवही शिक्षकाने स्वतः पाहावी. सरासरी काढून झाल्यावर सर्वांत कमी वाढलेली मुले कोणती, ती कोणत्या वस्तीतून येतात, सकाळी काही खाऊन येतात का, हे पाहावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर उतरंड आपल्याच शाळेत दिसू लागेल. त्या वयात ती थोडीफार मोडणे आपल्या हाती असते.