घाटातला दम

आमच्या घरात लाल कापडी पाठीची एक लांबट हिशेबाची वही होती. सातवीत असल्यापासून ती माझ्या ताब्यात होती. अण्णांचे अक्षर त्यांचे त्यांनाच लागत नसे आणि दादाला लिहिण्याचा कंटाळा. त्यामुळे ट्रकची प्रत्येक खेप मीच लिहायची. डिझेल किती, किलोमीटर किती, भाडे किती, ऑइल किती. पोलीस हवालदाराच्या रकान्याला अण्णांनी 'चहापाणी' असे सभ्य नाव दिले होते.

कराडहून साखर घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरायचे आणि येताना जांभ्याचा चिरा भरून घाट चढायचा, ही आमच्या गाडीची नेहमीची वाट. गाडी १६१२. सोळा म्हणजे मालासकट सोळा टन वजन आणि बारा म्हणजे साधारण १२० अश्वशक्ती, हे मला दादाने शिकवले. इंजिनाचे नाव ६९७. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून सहाशे सत्त्याण्णव. नावातच कुंडली मांडलेली असते, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली होती.

१९९७ च्या होळीच्या सुमारास वहीतला ऑइलचा रकाना फुगू लागला. आधी खेपेला अर्धा लिटर, मग एक, मग दोन. डिझेलचा ताळाही बिघडला. लिटरला सव्वाचार किलोमीटर देणारी गाडी साडेतीनवर आली. सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. गाडी बोअरला आली होती. म्हणजे रिंगा, पिस्टन, लायनर झिजले होते आणि इंजिन उघडणे भाग होते. आईने काही न विचारता पाटल्यांची जोडी डब्यातून काढून ठेवली. त्यातली एक पतपेढीत गेली.

खरा वाद इथून सुरू झाला. त्या सुमारास दारावर 'टर्बो' असे ठळक रंगवलेल्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. जमशेदपूरला टाटा कमिन्स ही कंपनी १९९३ मध्ये स्थापन झाली होती आणि ट्रकवाल्यांच्या तोंडी नव्या इंजिनांच्याच गोष्टी होत्या. दादा म्हणे, "इंजिन उघडायचंच हाय, तर टर्बो बसवून घेऊ." हायवेवरचा एक गॅरेजवाला जुन्या इंजिनाला टर्बो जोडून देत होता. १२० ची १५० करून देतो, असा त्याचा शब्द होता. अण्णांचे म्हणणे, आहे ते इंजिन नीट बांधून घ्यावे. आणि आमचे चाचा मिस्त्री, ज्यांनी ही गाडी दोनदा उघडली होती, ते म्हणाले, "आधी जो दम गेलाय तो परत आणा. जास्तीचा दम मागून."

हा 'दम' शब्द अगदी योग्य आहे. डिझेल इंजिन हे मुळात श्वास घेणारे यंत्र. एक किलो डिझेल पुरते जाळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. आमचे इंजिन ५,६७५ घनसेंटिमीटरचे, म्हणजे पावणेसहा लिटरचे. दर दोन फेऱ्यांत ते एकदा पोटभर हवा ओढते. मिनिटाला दोन हजार फेरे धरले, तर पाच हजार लिटरच्या आसपास हवा झाली. गच्चीवरच्या ५०० लिटरच्या दहा टाक्या दर मिनिटाला रिकाम्या कराव्यात, तसे. साधे इंजिन ही हवा स्वतःच्या ताकदीने ओढते, आणि ताकद वाढवायची तर अडचण डिझेलची नसते, हवेची असते. डिझेल काय, पंपाचा स्क्रू पिळला की वाढते. पुष्कळ ड्रायव्हर तेच करत. मग न जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडे. लोक म्हणत, गाडी ताकद लावते आहे. ती खरे तर मालकाचे पैसे हवेत सोडत असे.

टर्बो ही अडचण मोठ्या हुशारीने सोडवतो. डिझेलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे वाया जातो. त्या गरम धुराच्या झोताने एक छोटे चाक फिरवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. मुठीएवढी ही चाके मिनिटाला लाखभर फेरे घेतात. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. हवा दाबण्याचा दुसरा मार्ग सुपरचार्जरचा. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर किंवा गिअरवर फिरतो, म्हणजे जी ताकद वाढवायची तिच्यातलीच थोडी खातो. आमच्याकडच्या मालट्रकच्या बाजारात त्याचे नाव कोणी काढत नसे.

मी तेव्हा बारावीला होते, विज्ञान शाखेला. गॅरेजवाला म्हणाला होता, "घाटात हवा पातळ असते, म्हणून टर्बो लागतोच." हे मला पटेना. पातळ हवेत टर्बो उपयोगी पडतो, यात शंका नाही. १९१८ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेले. तिथे साध्या श्वासावर त्याची सुमारे एक तृतीयांश ताकद गळाली. टर्बो लावल्यावर ती सगळी परत आली. लडाखच्या खारदुंग ला खिंडीत हवेची घनता समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. तिथे टर्बोचे म्हणणे मान्य करावेच लागेल. पण आमचा कुंभार्ली घाट दोन हजार फुटांचा. तिथे हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते, एवढेच. घाटात गाडी दमते ती चढामुळे.

मग मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. समजा, १५ मीटरला १ मीटर असा सलग दहा किलोमीटर चढ आहे आणि गाडी सोळा टनांची आहे. (वहीतली वजने पाहता ती सोळाची कधीच नसे, पण ते असो.) १२० अश्वशक्तीला ती ताशी २२ किलोमीटरने चढेल आणि १५० ला २७-२८ ने. एक सत्तावीस मिनिटे, दुसरी बावीस. पाच मिनिटांसाठी एवढा खर्च? मी मोठ्या तोऱ्यात कागद दादापुढे ठेवला.

दादाने तो वाचला आणि घडी करून परत दिला. म्हणाला, "तू कधी बसलीस का गं रात्री दोन वाजता त्या केबिनमध्ये? मागं एसटी हॉर्न मारत असती. दुसऱ्या गिअरवरनं तिसरा टाकावा तर गाडी मरती. परत दुसरा. इंजिनची धग मांडीला. मागं सरकली तर काय, ह्यो इचार डोक्यात. तुझी पाच मिनिटं वहीत हायत. माझी त्या ष्टेअरिंगवर हायत."

मला उत्तर सुचले नाही. आजही, इतक्या वर्षांनी, मी ते गणित चूक मानत नाही. पण ते पुरते नव्हते. मी वेळ मोजला, दादा हाताशी उरणाऱ्या ताकदीविषयी बोलत होता. चढावर थोडी ताकद शिल्लक असणे म्हणजे काय, ते गाडी चालवणाऱ्यालाच कळते.

त्यातच दुसऱ्या एका मालकाने दादाला आपल्या नव्या टर्बो गाडीवर बोलावले. घरचा मुलगा दुसऱ्याच्या गाडीवर जाणार, हे अण्णांना सहन होण्यासारखे नव्हते. ते एका रात्रीत बदलले. गाडी चाचांच्या दारात न जाता हायवेवरच्या गॅरेजात गेली. नव्या रिंगा पडल्या, पिस्टन-लायनर त्यातल्या त्यात बरे म्हणून तेच ठेवले, आणि टर्बो चढला. चाचा काही बोलले नाहीत. मशिदीच्या कोपऱ्यावर भेटले तेव्हा अण्णांना एवढेच म्हणाले, "ऑइल जल्दी बदला आता."

पहिले दोन महिने आनंदाचे गेले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. डिझेलचा आकडा चारावर आला. दादा घाट तिसऱ्या गिअरवर चढू लागला आणि घरी येऊन शीळ घालू लागला. टर्बोची बारीक शीळ आणि त्याची शीळ एकाच सुरात, असे आई म्हणायची.

मेमध्ये, पोफळीच्या वर, चिऱ्याने भरलेली गाडी चढावरच बसली. रेडिएटरचे पाणी ऑइलमध्ये उतरले होते. दादा आणि क्लीनर तीन दिवस गाडीपाशी होते. अण्णा एसटीने भाकऱ्या घेऊन जात.

शेवटी गाडी ओढून चाचांकडेच आणली. त्यांनी हेड उतरवले आणि आम्हा सगळ्यांना बोलावले. हेड गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटले होते. पाचव्या पिस्टनच्या माथ्याला चीर होती. "टर्बोनं जास्त हवा दिली, पंपवाल्यानं जास्त डिझेल दिलं. आत धमाका मोठा झाला. पण ज्या भांड्यात धमाका होतो, ते जुनंच," ते म्हणाले. कारखान्यातून टर्बो घेऊन येणाऱ्या इंजिनात पिस्टन वेगळे असतात, बहुधा त्यांच्यावर खालून थंड ऑइलचा फवारा सोडलेला असतो, दाब सोसणारे गॅस्केट असते, रेडिएटर मोठा असतो आणि पंप हवेच्या दाबाप्रमाणे डिझेल सोडतो. आमच्या गाडीला यांतले काही मिळाले नव्हते. मिळाला होता तो फक्त टर्बो.

मग त्यांनी टर्बोचा दांडा बोटांत धरून हलवला. तो खुळखुळला. "आणि हे तुझं काम," ते दादाला म्हणाले. घाट चढून आला की दादा हेळवाकला चहाला थांबे आणि थांबताक्षणी इंजिन बंद करी. पूर्वी त्याने काही बिघडत नसे. पण टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. चढावरून आल्यावर तो लालबुंद तापलेला असतो. इंजिन बंद झाले की ऑइलचा पुरवठा थांबतो, आत उरलेले ऑइल करपते आणि बेअरिंग खाते. दोन-तीन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवून मगच ते बंद करायचे असते. हे गॅरेजवाल्याने सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते. मी एवढे गणित केले, पण माझ्या कागदावरही ते नव्हते.

दुसरी पाटली गेली. चाचांनी नवे लायनर-पिस्टन टाकले, नोझल आणि पंप तपासून घेतले, हवेचा फिल्टर बदलला, व्हॉल्व्ह घासून बसवले, काजळीने अर्धा बुजलेला सायलेन्सर मोकळा केला. गाडी पुन्हा साध्या श्वासावर आली. डिझेलचा आकडा सव्वाचार. म्हणजे आमचे निम्मे दुखणे टर्बो नसल्याचे नव्हतेच, श्वास कोंडल्याचे होते. पण दादाला हे तोंडावर म्हणायची हिंमत मला झाली नाही. तो दीड वर्ष दुसऱ्या गिअरवर घाट चढला आणि त्याने शीळ घातली नाही.

२००० मध्ये आम्ही ती गाडी विकली आणि कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली गाडी काढली. कर्ज दादाच्या नावावर. पहिल्या दिवशी अण्णा त्याच्या शेजारी बसून चिपळूणला गेले. परत आल्यावर म्हणाले, "चढती." अण्णांच्या हिशेबात ही मोठी प्रशस्ती होती.

आता तो वादच उरलेला नाही. धुराचे नियम कडक होत गेले, २०१७ मध्ये बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर लागू झाले, आणि नव्या डिझेल मालट्रकला साधे इंजिन मिळेनासे झाले. टर्बो असतो, दाबलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर असतो, धूर गाळणारी भांडी असतात, त्यांना लागणाऱ्या युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते. बिघाड झाला की मिस्त्रीच्या आधी संगणक जोडावा लागतो. चाचांचा मुलगा आता तेच करतो. साध्या इंजिनाची टुकटुक ऐकायची, तर कृष्णाकाठी एखाद्या मळ्यात जुना डिझेल पंप शोधावा लागेल.

दादा साठीकडे झुकला आहे. गाडी मुलगा चालवतो, पण कधी हौसेने तोही नेतो. ओगलेवाडीच्या रस्त्याला घरासमोर ट्रक उभा राहतो आणि इंजिन दोन-तीन मिनिटे तसेच चालू राहते. गाडी सपाटीवरून, रिकामी आली असली तरी. मुलगा कधी हसतो. आई हसत नाही. ती तेवढ्यात चहाचे आधण ठेवते. इंजिन बंद होते, तेव्हा चहा उकळत आलेला असतो.