डबा न बांधता

लंडन : विहिरीत पोहायला शिकलेल्या मराठी पोराच्या पाठीला एकेकाळी पत्र्याचा डबा नाहीतर सुका भोपळा बांधलेला असायचा. इंग्लंडमध्ये अपंग मुलांना पाण्यात उतरवणारी हॅलिविक पद्धत असला कोणताच आधार घेऊ देत नाही. दंडावरचे फुगे, रबरी ट्यूब, सगळं काठावर राहतं. प्रत्येक मुलाबरोबर पाण्यात उतरतो तो एक माणूस.

या पद्धतीची सुरुवात 1949 मध्ये उत्तर लंडनमधल्या हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत झाली. ती घडवणारे जेम्स मॅकमिलन डॉक्टर नव्हते, अभियंते होते. एक हात आखडलेलं किंवा एक पाय लुळा असलेलं शरीर पाण्यात एका अंगावर कलंडतं. ते पुन्हा सरळ कसं आणायचं, हे त्यांनी दहा टप्प्यांत बसवलं.

पहिला टप्पा पाण्याची भीती घालवण्याचा. तोंड पाण्याजवळ आलं की फुंकर मारायची, एवढंच. मग बसल्या अवस्थेतून मागे रेलून उताणं व्हायचं आणि डोकं पुढे घेत परत उठायचं. पालथं पडल्यावर कूस बदलून उताणं व्हायचं. पुढे मूल उताणं तरंगत असताना शिक्षक मागे मागे चालत त्याच्या खांद्यांखाली भोवरे उठवतो. मूल त्या ओढीनं, कुणाचाही हात न लागता सरकतं. धरायला काहीच नसल्यानं पोट, पाठ आणि कंबर यांनाच तोल राखावा लागतो.

गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. पाण्यात पडणंही सावकाश होतं, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे ताठरलेले स्नायू 33 ते 35 अंश सेल्सियसच्या कोमट पाण्यात सैल पडतात. पण फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उतरवत नाहीत.

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला 25 मीटर पोहता यावं, असं अभ्यासक्रमच सांगतो. 2010 च्या समानता कायद्यामुळे अपंगांसाठी योग्य ती सोय करणं तलाव चालवणाऱ्यांवर बंधनकारक आहे. हॅलिविकचे क्लब मात्र मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतात. स्थानिक तलाव ठरावीक वेळेपुरता भाड्यानं घेतात आणि प्रशिक्षण घेतलेली माणसं मुलांबरोबर पाण्यात उतरतात. वाढत्या वीजबिलांपुढे कोमट पाणी परवडेनासं होतं, ही तिथलीही अडचण आहे.

अपंगांनी पाण्यात उतरण्याची ही वाट महाराष्ट्राला अनोळखी नाही. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आले. डाऊन सिंड्रोम असलेल्या नाशिकच्या स्वयं पाटीलला जलतरणासाठी 2022 चा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला.

त्याच नाशिकच्या सातपूरमध्ये महापालिकेचा जलतरण तलाव आहे. नाशिकच्या थंडीत असे व्यायाम गार पाण्यात करवणं शक्य नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून एक तास राखून ठेवता येईल. खरी गरज आहे ती मुलामागे एका शिकवलेल्या माणसाची. तिथल्या एमआयडीसीतली पहिली पाळी सुटल्यावर घरी निघालेल्यांत अशी दहा-बारा माणसं मिळाली, तरी एक तुकडी उभी राहते.